तीन पूर्णांक आठ किलोमीटर

"नदी कुठं गेली?" नोमाखोसी म्बाथा यांनी विचारलं.

विचारलं अगदी साधेपणानं. शेजारणीच्या घरी गेल्यावर आपण "आज मांजर दिसत नाही ते?" म्हणतो ना, तसं. त्यामुळे पहिल्यांदा कुणाला काही वाटलंच नाही. कुवेत सिटीतल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या खोलीत सगळे करक चहा पीत होते, भिंतीवर सहा फुटी नकाशा उजळला होता आणि माऊस हातात धरून शामला पुढच्या पानाची वाट बघत होती.

"नदी?" नीलेश हसला. कुवेतमध्ये नदीबद्दल विचारणं म्हणजे बर्फाबद्दल विचारण्यासारखंच. मग त्याच्या लक्षात आलं, की नकाशा कुवेतचा नव्हता.

नकाशा होता दक्षिण आफ्रिकेतल्या इंतुबाचा. नाव नगरपालिका, पण नगर असं एकच, बाकी सगळी डोंगरावर विखुरलेली खेडी. तिकडे तशीच पद्धत आहे. एकसष्ट वस्त्या. कुवेतच्या एका निधीनं त्यांना मदत देऊ केली होती आणि त्या मदतीतून कुठं काय बांधायचं, याचा आराखडा करायचं काम शामलाच्या कंपनीला मिळालं होतं. चार सेवाकेंद्रं काढायची. एकेका केंद्रात दवाखाना, पेन्शन वाटायची खिडकी, जन्म-मृत्यूचे दाखले, शेतीचा अधिकारी, सगळं एका छपराखाली. कुठलं केंद्र कोणत्या वस्तीत, हे ठरलं होतं. चार लाल वर्तुळं. उद्या सकाळी निधीच्या बाई येऊन त्यावर सही करणार होत्या, आणि त्यासाठी इंतुबाच्या नियोजन अधिकारी म्हणून नोमाखोसी कालच विमानानं आल्या होत्या. पन्नाशीच्या, ऐसपैस अंगाच्या, डोक्याला हिरवा फडका बांधलेल्या.

"आमची म्फोंगो," त्या म्हणाल्या. उठून नकाशापाशी गेल्या आणि तिसऱ्या वर्तुळाच्या मधोमध त्यांनी तळहात वरून खाली फिरवला. "इथून जाते. एवढी मोठी. ती कुठं गेली?"

शामलानं लेअरची यादी उघडली. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर समजा. रस्त्यांचा एक, घरांचा एक, विजेच्या तारांचा एक. प्रत्येकाच्या नावापुढे एक चिमुकला दिवा असतो. दिवा पिवळा असला की तो कागद दिसतो, विझला की दिसत नाही. सत्ताविसाव्या ओळीवर 'पाणी' असं लिहिलेलं होतं. दिवा विझलेला होता.

तिनं तो दाबला.

नकाशावर निळा पट्टा उमटला. रेघ नव्हे, पट्टा. डोंगरातून वळणं घेत आला, तिसऱ्या लाल वर्तुळात शिरला आणि त्याचे सरळ दोन तुकडे करून खाली निघून गेला. एका तुकड्यात थाफेनी राहिलं, जिथं केंद्र व्हायचं होतं. दुसऱ्यात मात्शेनी. तिथं दोन खोल्यांचा एक जुना दवाखाना होता आणि तो बंद करून त्याची नर्स नि सामान थाफेनीला हलवायचं, असं आराखड्यात लिहिलं होतं. पान चव्वेचाळीस. तो नकाशा शामलानंच काढला होता.

कुणीतरी कप खाली ठेवला.

"पूल असेल," नीलेश म्हणाला.

"होता. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात गेला."

"पण थाफेनी ते मात्शेनी अंतर तीन पूर्णांक आठ किलोमीटर आहे. मी स्वतः मोजलंय."

"ते पक्ष्यांसाठी," नोमाखोसी म्हणाल्या. "पक्ष्यांना दवाखाना लागत नाही. माणसांना वरच्या पुलावरून यावं लागतं. शेहेचाळीस."

"शेहेचाळीस काय?"

"किलोमीटर, बाळा."

नीलेशनं हातातल्या कागदाकडे असं पाहिलं, जणू तो कागदच खोटं बोलला होता. पुण्याहून आलेला, हुशार, बत्तीस वर्षांचा मुलगा. त्याचा दोष तरी किती? तिकडच्या रस्त्यांची माहिती अर्धवट आली होती, म्हणून त्यानं कुवेतच्या वसाहतींसाठी वापरतात तीच रीत वापरली. केंद्र धरायचं, पाच किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, आत किती घरं येतात ती मोजायची. इथं ते चालतं. इथली जमीन ताटासारखी सपाट. प्रत्येक वस्तीच्या मध्यावर जमिया, म्हणजे सहकारी दुकान, शेजारी मशीद, शाळा, दवाखाना. शामलाला ही रचना फार आवडायची. मेथीच्या जुडीपासून रक्ताच्या तपासणीपर्यंत सगळं हाकेच्या अंतरावर. इंतुबाच्या बायकांनाही हे मिळायला हवं, असं तिला मनापासून वाटलं होतं. त्याच हौसेनं तिनं ती वर्तुळं काढली होती.

आणि दिवा तिनंच विझवला होता. आत्ता नव्हे, पंधरा वर्षांपूर्वी. एका वसाहतीच्या कामात सरकारी नकाशावरच्या कोरड्या ओढ्यांच्या रेघा सगळ्या कागदावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरायच्या. वर्षातून एखाद दिवस पाणी वाहणार, त्यासाठी एवढा पसारा कशाला, म्हणून तिनं तो थर बंद केला आणि तीच फाइल ऑफिसचा नमुना म्हणून ठेवून दिली. पुढचं प्रत्येक काम त्या नमुन्यात सुरू झालं. कुणाचं काही अडलं नाही. या देशात नदीच नाही, अडणार काय? इंतुबाची माहिती आली तेव्हा रस्ते रस्त्यांच्या थरात गेले, घरं घरांच्या थरात, आणि नदी आपली मुकाट्यानं अंधारात जाऊन बसली.

शामलाचे कान गरम झाले. ती दाभोळ खाडीच्या काठची. तिची शाळा पलीकडच्या तीरावर होती. सातवीपासून दहावीपर्यंत ती रोज तरीत बसून गेली होती, चपला हातात नि दप्तर डोक्यावर. भरतीच्या वेळी होडी निघत नसे, तेव्हा पलीकडची घंटा ऐकत अलीकडे बसून राहायचं. आणि अशी बाई नदी विसरली! दुसरं कुणी विसरलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

"आपण जेवणाची सुट्टी घेऊ," कंपनीचे प्रमुख यूसुफ म्हणाले. सकाळचे सव्वादहा वाजले होते.

*

यूसुफ जॉर्डनचे. माणूस वाईट नव्हता. शामलाला तिच्या मुलीच्या नावावरून 'उम्म अक्षरा' म्हणायचे, म्हणजे अक्षराची आई, आणि ते ऐकलं की तिला नेहमी बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"उम्म अक्षरा, तो दिवा बंद कर," केबिनचं दार लावून ते म्हणाले.

"काय?"

"उद्यापुरता. निधीची झरीन येणार, चार केंद्रं बघणार, सही करणार. निधीनं चारच मंजूर केलीयत आणि मुदत उद्याची आहे. आज तू नदी दाखवलीस तर सगळी फाइल परत जाईल. मग एकही केंद्र नाही. हे तुला हवंय?"

"साहेब, तुम्ही तर गेला होतात तिकडे."

"जुलैत गेलो होतो. त्यांचा हिवाळा. वरच्या पुलावरून गाडी नेली, खाली वाळू होती. मला वाटलं आपल्यासारखाच कोरडा ओढा." त्यांनी कपाळ चोळलं. "सही होऊ दे. दुसऱ्या टप्प्यात दुरुस्त करू. वल्लाही, करू."

नीलेश दाराशीच उभा होता. "ताई, तळटीप टाकू की एक. 'पोहोचमार्गाच्या अधीन राहून.' सगळे टाकतात."

"कोण वाचतं तळटीप?"

"म्हणूनच तर."

शामलाला हसू यायला हवं होतं. एरवी आलं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर पान चव्वेचाळीस होतं.

"मात्शेनीच्या बाजूला किती घरं आहेत रे?" तिनं विचारलं.

नीलेशनं न बघता सांगितलं, "एकोणीसशे."

*

शामला फिंतास उपनगरातल्या घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीवर होतं. देवदत्त लवकर आला होता. तिचा नवरा, सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन, मूळचा लातूरचा. बावीस वर्षं कुवेतमध्ये काढूनही बोली तिथलीच.

"काय झालं गं? तू कामून अशी बसलीस? चप्पल तरी काढ."

तिनं सांगितलं. पहिल्यापासून. तो भेंडी चिरत ऐकत होता. निळ्या पट्ट्याशी आली तशी सुरी थांबली.

"तुझ्याकडून?" तो म्हणाला. "अगं, तू तर मी पंधरा वर्षांमागं काय बोललो तेबी विसरत नाहीस."

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही करायलो. माझा विश्वासच बसंना." त्यानं भेंडी बाजूला सारली. "यूसुफ काय म्हणायलाय?"

"दिवा बंद कर म्हणतात. सही होईपर्यंत."

"नि तू बंद न केलास तर?"

"तर माझा नमुना, माझी चूक. नोकरी जाईल. तुमचं काँट्रॅक्ट पुढच्या वर्षी संपतंय. मग इथं राहायचा इकामा माझ्याच नोकरीवर राहणार होता ना दोघांचा?"

उठून त्यानं पाणी आणून दिलं. मग लॅबमधला माणूस बोलावा तसा बोलला, "एक सांग. त्या जुन्या दवाखान्यात लसीचा फ्रिज असंल की. तो कधी हलवायचा ठरलाय?"

"का?"

"फ्रिज हलला की दवाखाना संपला. इमारत राहती, पाटी राहती, दवाखाना नाही राहत. तारीख दिली होती का तुमी?"

शामलानं आठवून पाहिलं. दिली होती. अंतिम आराखड्यात नव्हे, त्याआधीच्या कच्च्या अहवालात. गेल्या नोव्हेंबरात पाठवलेला, 'केवळ चर्चेसाठी' असं पहिल्याच पानावर छापलेला. त्यात तिनंच एक छान रंगीत तक्ता केला होता आणि रकाना रिकामा दिसू नये म्हणून नीलेशला विचारून एक तारीख घातली होती. एक एप्रिल.

आज अठरा मे.

तिनं नोमाखोसींना हॉटेलवर फोन लावला. दोघी इंग्रजीतच बोलत, दोघींचंही इंग्रजी शाळेबाहेर शिकलेलं, त्यामुळे एकमेकींना बरोबर कळायचं.

"मात्शेनीचा फ्रिज अजून मात्शेनीत आहे ना?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"नाही," नोमाखोसी म्हणाल्या. "एक एप्रिलला ट्रॅक्टर आला नि घेऊन गेला. नर्सही गेली. प्रांताच्या आरोग्य खात्याला दवाखाने कमी करायचेच होते. तुमचा अहवाल त्यांच्या हाती आला. तारीख तयार होती."

"पण तो कच्चा होता! त्यावर लिहिलं होतं..."

"नकाशा रंगीत होता, शामला. आमच्याकडे रंगीत नकाशा कच्चा नसतो."

शामला खुर्चीत बसली. देवदत्तनं फोन स्पीकरवर टाकला.

"मग आता लोक काय करतात?" तिनं विचारलं.

"आत्ता पाणी कमरेएवढं आहे. धडधाकट असतात ते उतरून नगरातल्या इस्पितळात येतात. बाकीचे येत नाहीत. गेल्या पंधरवड्यात एक मुलगी बाळंत झाली, काठावरच. बाळ बरं आहे. तिला पिकअपच्या मागं घालून वरच्या पुलावरून, लांबच्या वाटेनं नेली. ती अजून इस्पितळात आहे. नोव्हेंबरात पाणी डोक्यावरून जाईल. तेव्हा कुणीच उतरणार नाही."

"तुम्ही सकाळी हे का नाही सांगितलंत?" शामलाचा आवाज चढला. "पहिल्या दिवसापासून का नाही सांगितलंत? एक ई-मेल, एक फोन! नुसती 'नदी कुठं गेली' म्हणून काय विचारता?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नदी. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. एवढे शिकलेले लोक, उपग्रहातून बघणारे. आम्ही म्हटलं, त्यांनी नदी पाहिली असणार. पाहिली, पलीकडचे एकोणीसशे उंबरे मोजले, आणि ठरवलं की तेवढे सोडून द्यायचे. याआधीही आमच्याकडे असंच ठरत आलंय, दूर कुठंतरी, कागदावर. नवीन काय त्यात? मी फक्त बघायला आले होते, की तुमच्यापैकी कुणी ते तोंडानं बोलतंय का."

चूक झाली, हे शामला दिवसभर घेऊन फिरत होती. पण आपण सहा आठवडे एकोणीसशे घरांत 'बघून-सवरून सोडून देणारे' म्हणून ओळखले जात होतो, हे? त्यापेक्षा आंधळं म्हटलेलं परवडलं असतं. आणि ते तर खरंच होतं.

"आम्ही पाहिलीच नव्हती," ती शेवटी म्हणाली. "देवाशपथ. दिवा बंद होता."

"आज सकाळी तुझं तोंड बघून कळलं ते," नोमाखोसी म्हणाल्या. "म्हणून तर झोप लागली मला दुपारी."

फोन ठेवल्यावर देवदत्तनं उरलेली भेंडी चिरायला घेतली. खाली मान घालूनच म्हणाला, "इकाम्याचं बघू. लातुरात घर हाय आपलं, गळत नाही."

*

सकाळी झरीन आल्या. निधीच्या अधिकारी, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, घड्याळ टेबलावर काढून ठेवणाऱ्या. यूसुफ बोलायला उभे राहिले. शामलाचं काम फक्त पानं पुढं सरकवायचं. पहिलं वर्तुळ, दुसरं वर्तुळ. तिसरं आलं तेव्हा भिंतीवर निळा पट्टा होता.

यूसुफ थांबले. त्यांनी शामलाकडे पाहिलं. रागानं नव्हे, घरातल्या माणसानं परक्यांपुढं काही बोलून टाकल्यावर बघावं तसं.

शामला उभी राहिली. बैठकीत उभं राहून बोलायची तिची ही पहिलीच वेळ. "मॅडम, काल सकाळपर्यंत या नकाशात नदी नव्हती. माझ्या नमुन्यात पाण्याचा थर बंद होता. तो मी बंद केला होता. यांनी नाही, यांनीही नाही. या नदीवर पूल नाही. पलीकडचा दवाखाना आमच्या कच्च्या अहवालावरून सहा आठवड्यांपूर्वी बंद झालाय. पान चव्वेचाळीस खोटं आहे."

नीलेशनं डोळे मिटून घेतले होते.

"बंद झालाय?" झरीननी विचारलं. "आमच्या पैशातून दवाखाना उघडण्याआधी एक बंद झालाय?"

"हो."

झरीननी घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं. आता त्या उठून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या नकाशापाशी गेल्या. "मला पाच केंद्रं देता येणार नाहीत. चार मंजूर आहेत, चारच. नदीच्या एकाच काठाला एक मिळेल. कुठल्या?"

यूसुफनी नीलेशकडे पाहिलं, नीलेशनं शामलाकडे. थाफेनीनं जागा दिली होती. तिथल्या गावप्रमुखानं सही केली होती, पाया कुठं खणायचा तिथं चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. फोटो अहवालात होते.

"मात्शेनी," नोमाखोसी म्हणाल्या. "थाफेनीहून नगरातलं इस्पितळ नऊ किलोमीटर. डांबरी सडक आहे. त्यांना नसलं तरी चालेल. नर्स नि फ्रिज आजच्या पत्रानं परत पाठवा, इमारत मागाहून होईल."

"थाफेनीचे लोक मान्य करतील?"

"नाही करणार."

"मग त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगेन. माझं गाव आहे ते."

शामलानं मान वर केली. या बाई थाफेनीच्या? म्हणजे त्यांनी काल तोंड उघडलं नसतं, तर आज त्यांच्याच दारात केंद्र उभं राहायचं. तो तळहात त्यांनी आपल्याच गावाच्या अंगावरून फिरवला होता.

प्रांताच्या आरोग्य खात्याला पत्र तिथंच लिहिलं गेलं. नीलेशनं टाइप केलं, एकही चूक झाली नाही. झरीननी आराखड्यावर सही केली नाही, महिनाभराची मुदत दिली. पत्रावर मात्र केली. जाताना यूसुफ शामलाच्या टेबलापाशी थबकले. "रविवारी ऑफिस उघडलं की बोलू," एवढंच म्हणाले. उम्म अक्षरा म्हणाले नाहीत.

बाहेर लिफ्टपाशी नोमाखोसींनी फोन लावला. "माझी आई," त्या शामलाला म्हणाल्या. "केंद्राच्या जागेतला तुकडा तिचा होता. दाराशी दवाखाना येणार म्हणून गावभर सांगत फिरलीय." मग त्यांच्या भाषेत बोलू लागल्या, आधी भरभर, मग हळू, मग नुसत्याच ऐकत राहिल्या. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा चिरका, न थांबणारा आवाज येत होता. लिफ्ट आली नि रिकामीच गेली.

नोमाखोसींनी फोन कानापासून दूर धरला. "विचारतेय, नकाशा काढणारी कोण. द्या तिला म्हणते."

"मला त्यांची भाषा कुठं येते!"

"तिलाही ठाऊक आहे ते."

शामलानं फोन घेतला. कानाला लावला. म्हातारी क्षणभर थांबली, बहुधा नुसता श्वास ऐकला तिनं, आणि मग सुरू झाली. एकही शब्द कळत नव्हता. पण बोलणी कुठल्याही भाषेत असोत, खाताना कळतात. मध्येच आवाज फाटला, खोकला आला, पाणी प्यायल्याचा घोट ऐकू आला, पुन्हा सुरू झालं. शेजारी नोमाखोसी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होत्या. अर्थ सांगायचा त्यांनी प्रयत्न केला नाही आणि शामलानं विचारला नाही. काचेपलीकडे रस्त्यावर गाड्या उन्हात चमकत होत्या. तिनं फोन दुसऱ्या कानाला बदलला, पाठ ताठ केली, आणि म्हातारीचं बोलून होईपर्यंत ऐकत उभी राहिली.